खालांची छत्री

माझ्या खाला मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. त्यांची थोडी शेती आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना घशाचा कर्करोग झाला. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात त्यांच्यावर किरणोपचार झाले. आठवड्यातून 5 दिवस, असे 7 आठवडे उपचार चालले. खाला बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्यांच्या मानेची त्वचा काळी व कोरडी पडली होती. तो डाग पाहून शेजारणी आपल्या मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देत नसत.

मे महिना आला. वाशीम जिल्ह्यात या दिवसांत पारा 40 अंशांच्या वर चढतो. खाला भर दुपारी शेतात धसकटे वेचायला गेल्या. संध्याकाळी त्यांच्या मानेची आग होऊ लागली. एक शेजारीण म्हणाली, "तेल-हळद लावा." नववीत शिकणारी त्यांची मुलगी म्हणाली, "नको अम्मी, आधी डॉक्टरांना विचारू या."

डॉक्टरांनी समजावून सांगितले, "किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, पण तेथील त्वचेलाही इजा होते. ती बरी झाली, तरी कायम नाजूक राहते. तिला ऊन सोसत नाही. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत उन्हात जाऊ नका. ढगाळ दिवशीही मान सुती कापडाने झाका. कोमट पाण्याने धुवा; पुसताना घासू नका, हलकेच टिपा. गरम शेक किंवा बर्फ लावू नका. मलम आम्हांला विचारूनच लावा. फोड आला किंवा जखम भरेना, तर लगेच या. आणि हो, हा डाग कोणालाही लागत नाही."

खाला म्हणाल्या, "छत्री घेऊन शेतात गेले, तर लोक हसतील."

मुलगी म्हणाली, "हसू द्या. सुट्टीत मी तुमच्याबरोबर येईन."

आता खाला पहाटे शेतात जातात आणि दहाच्या आत घरी येतात. परतताना डोक्यावर काळी छत्री असते. डॉक्टरांचे म्हणणे मुलीने घरोघरी सांगितले. आता शेजारची मुले पुन्हा त्यांच्या अंगणात खेळतात.

शब्दार्थ
त्वचा – जिल्द
उपचार – इलाज
इजा – नुकसान
नाजूक – नाज़ुक
धसकटे – कापणीनंतर शेतात उरलेले खुंट

स्वाध्याय
1. खालांच्या मानेची आग का झाली?
2. डॉक्टरांनी कोणत्या सूचना दिल्या?
3. शेजारणींचा कोणता गैरसमज दूर झाला?