रुळाच्या पोटातील तडा

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० साली पूर्ण झाला आणि जालन्याची बाजारपेठ मुंबई व हैदराबादशी जोडली गेली. निजामाच्या राजवटीतील या मीटरगेज मार्गाचे पुढे रुंदीकरण झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी तर जालन्याहून मुंबईकडे वंदे भारत गाडी सुरू झाली. नंतर ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. गाडीचा वेग वाढला, की रुळातील लहानसा दोषही क्षम्य राहत नाही.

पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत. आता रूळ जोडकाम करून अखंड केले जातात. एक किलोमीटर रूळ मोकळा असता, तर चाळीस अंशांच्या फरकाने तो सुमारे ४६ सेंटिमीटर लांबला असता! तो स्लीपरना जखडलेला असल्यामुळे हा सारा ताण पोटातच राहतो. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी रूळ वाकण्याचे, तर थंडीच्या पहाटे तो तडकण्याचे भय असते.

आतला तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचे यंत्र रुळावरून ढकलीत नेतात. माथ्यातून आत सोडलेल्या लहरी तड्यावर आदळून परततात व पडद्यावर खूण उमटते. मोजणी गाडी धावता धावता रुळांमधील अंतर, उंचसखलपणा व पीळ टिपते. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. अशा जमिनीवरील भरावात ही मोजमापे विशेष बोलकी ठरतात. नोंदी संगणकावर साठविल्या, की एकच जागा वारंवार खचते आहे काय, हे ताडता येते. खडी टाकून भागेल, की भरावाचाच उपचार हवा, हा निर्णय त्यावरूनच घेता येतो.

तथापि यंत्रालाही मर्यादा आहेत. माथ्यातून निघालेल्या लहरी रुळाच्या मधल्या उभ्या भागातून सरळ खाली जातात. तळाच्या दोन्ही कडा त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. नेमका तेथेच गंज धरतो. तो हेरावयाचा तर माणसालाच वाकून पाहावे लागते. म्हणूनच कीमॅनची रोजची पायपीट अद्याप सुटलेली नाही. यंत्राच्या खर्चाविषयी बोलताना या पायपिटीचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

रूळ तुटलेला आढळल्यास कीमॅन प्रथम लाल निशाण दाखवून गाडी थोपवितो. मग तुटलेल्या जागी फिशप्लेट लावून ती शिकंज्यांनी आवळली जाते आणि गाडी अगदी संथ गतीने पुढे सोडली जाते.