घटक ४ : तापमानवाढीचे भाकीत की प्रक्षेपण?

४.१ प्रस्तावना

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर पसरली. संवेदकातील बिघाडामुळे हा आकडा चुकीचा आला, असे हवामान विभागाने स्पष्ट केले. शहराचा अधिकृत उच्चांक ४७.९ अंश आहे. तो २३ मे २०१३ रोजी नोंदला गेला. चालू तापमानाविषयीचा वाद असा उपकरण तपासून मिटवता येतो. मात्र प्रताप नगरात आज बांधलेले घर पन्नास-साठ वर्षांनी किती उष्णता सोसेल, हे सांगणारा तापमापक उपलब्ध नाही. म्हणूनच भावी तापमान काढण्याच्या पद्धतींविषयी मतभेद होतात. त्यांचे स्वरूप या घटकात समजून घेऊ.

४.२ विषय-विवेचन

(अ) कल पुढे नेणे : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेला अहवाल केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हीच रेषा सरळ पुढे ओढली, तर शतकाअखेर आणखी जेमतेम अर्धा अंश वाढ दिसते. परंतु उत्सर्जन फार वाढत राहिल्यास १९७६-२००५ च्या सरासरीपेक्षा सुमारे ४.४ अंशांची वाढ होईल, असे तोच अहवाल सांगतो. सरळ रेषेत वाढीची कारणे बदलणार नाहीत, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हवेतील प्रदूषक कणांनी वाढीला अंशतः आवर घातला आहे. हे कण काही दिवसांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा अंश मात्र शतकानुशतके हवेत टिकतो.

(आ) प्रतिमानांतील फरक : कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल? १९७९ मध्ये अमेरिकेतील चार्नी समितीने १.५ ते ४.५ अंश असे उत्तर दिले. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाने २०२१ मध्ये संभाव्य कक्षा २.५ ते ४ अंशांवर आणली. फरकाचे मुख्य कारण ढगांचे वर्तन हे आहे. काही नवी प्रतिमाने अवाजवी उष्णता दाखवू लागल्याने मंडळाने त्यांची नुसती सरासरी न घेता ती प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली.

(इ) गृहीतकांतील फरक : १८५०-१९०० च्या तुलनेत शतकाअखेर जागतिक सरासरी वाढ, उत्सर्जनाच्या मार्गानुसार, १.४ पासून ४.४ अंशांपर्यंत संभवते. सर्वाधिक उत्सर्जनाचा मार्ग काही अभ्यासकांना असंभाव्य वाटतो. टोकाचा धोका जोखण्यासाठी तो हवाच, असे इतर म्हणतात.

४.३ भाषेच्या अंगाने

व्याकरणात आपण संकेतबोधक ‘जर-तर’ अभ्यासले आहे. प्रक्षेपण हे असेच वाक्य असते. (इ) मधील वाद ‘जर’विषयी आहे, तर (आ) मधील वाद ‘जर’पासून ‘तर’पर्यंत नेणाऱ्या दुव्याविषयी. बातमीत ‘जर’ गळला, की उरते ते भाकीत. त्यातून एक तर भीती पसरते, नाहीतर अविश्वास.

मतभेदाची व्याप्तीही पाहावी. २०२१-२०४० या काळासाठी सर्व मार्गांचे मध्यवर्ती अंदाज १.५ ते १.६ अंश इतके जवळ आहेत. म्हणजे शतकाअखेरचा वाद मिटेपर्यंत छताची रचना, झाडांची लागवड किंवा उन्हातील मजुरांच्या कामाच्या वेळा यांचे निर्णय लांबवण्याचे कारण उरत नाही. अर्थात जागतिक सरासरी म्हणजे नागपूरच्या दुपारचे तापमान नव्हे, हे विसरू नये.

४.४ सारांश

तज्ज्ञांत मतभेद आहेत म्हणून काहीच ठाऊक नाही, असे ठरत नाही. मतभेद कोठे आहे आणि किती आहे, हे वाचकाने आधी ओळखावे.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. भाकीत आणि प्रक्षेपण यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. तापमानवाढीविषयीची एक बातमी निवडा आणि तिच्यातील गळलेला ‘जर’ शोधून ती पुन्हा लिहा.