स्वच्छ दिसणारे पाणी

काचेच्या पेल्यात विहिरीचे पाणी घ्या आणि पेला उजेडात धरा. गाळ नाही, वास नाही, तळ स्पष्ट दिसतो. हे पाणी पिण्यास चांगले आहे, असे आपण लगेच म्हणतो. आज ज्या जीवांची ओळख करून घ्यायची आहे, ते अशाही पाण्यात असू शकतात.

त्यांना मराठीत ‘आदिजीव’ म्हणतात. उर्दूत आपण सर्वच रोगजंतूंना ‘जरासीम’ म्हणतो; पण आदिजीव आणि जिवाणू एक नव्हेत. दोघांचेही शरीर एकाच पेशीचे असते, परंतु आदिजीव जिवाणूंपेक्षा बहुधा मोठे आणि त्यांची रचना अधिक गुंतागुंतीची. त्यांपैकी काही माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यात राहतात आणि त्याच्याच जिवावर जगतात. म्हणून त्यांना परजीवी म्हणतात.

हॉलंडमधील लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. भिंगे घासण्याचा त्याला मोठा छंद. 1681 मध्ये त्याला जुलाब झाले, तेव्हा त्याने स्वतःचाच मळ भिंगाखाली तपासला. तुम्हांला किळस वाटेल. पण त्यात त्याला हलणारे बारीक जीव दिसले. तेच आजचे जिआर्डिया. आव पाडणारा अमीबा 1875 मध्ये रशियात लॉश याला सापडला. तिसऱ्याचे नाव क्रिप्टोस्पोरिडियम. नाव लांब आहे, दोनदा मोठ्याने वाचा म्हणजे जमेल. 1907 मध्ये अमेरिकेत टायझर याने तो उंदरांत पाहिला. पुढे कित्येक वर्षे तो जनावरांचाच रोग समजला जाई. माणसातील पहिले रुग्ण 1976 मध्ये नोंदले गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा दुधाचा जिल्हा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय येथेच तयार केली. गावोगावी गोठे आहेत आणि गोठ्यात वासरे आहेत. पहिल्या महिन्यात वासराला पातळ हगवण लागली, की दूध जास्त झाले असे घरचे म्हणतात. कधी ते खरेही असते. पण या वयात क्रिप्टोस्पोरिडियम हेही हगवणीचे एक मोठे कारण आहे. आजारी वासराच्या शेणातून रोज कोट्यवधी परजीवी बाहेर पडतात. पावसाचे पाणी ते ओढ्यात नेते. विहिरीला कठडा नसेल, तर विहिरीतही नेते.

बाहेर पडताना या परजीवीभोवती टणक कवच असते. असे दोनशे एका रांगेत ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मग फडक्याने गाळून काय होणार? पूर्वी नारूचा रोग होता. तो पसरवणाऱ्या पाण्यातल्या पिसवा डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या, म्हणून फडके उपयोगी पडले आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र फडक्यातून सहज पार होतो. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तिने कॉलऱ्याचे जिवाणू मरतात. या कवचाला तेवढी पावडर पुरत नाही. म्हणून पावडर टाकू नये, असा अर्थ कृपा करून काढू नका! कॉलरा आणि विषमज्वर आजही जीव घेतात. पण पावडर टाकली म्हणजे सर्व काम झाले, असेही नाही.

मोठी शहरेही यातून सुटली नाहीत. 1993 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तेथे पाणी गाळले जात होते, क्लोरीनही घातले जात होते. तरी तळ्यातील क्रिप्टोस्पोरिडियम नळापर्यंत पोहोचला. प्रथम संशय गाईगुरांवर गेला. पुढे रुग्णांच्या नमुन्यांतील परजीवीचे जनुक तपासले, तेव्हा तो माणसाच्या जातीचा निघाला.

मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भिंगाखाली सगळे परजीवी सारखेच दिसतात. रंग दिल्यावर लाल ठिपके, एवढेच. जनुक पाहिले की फरक कळतो. क्रिप्टोस्पोरिडियमची ‘पार्व्हम’ ही जात वासरू आणि माणूस दोघांनाही होते, ‘होमिनिस’ मुख्यतः माणसालाच. भारतातील लहान मुलांत केलेल्या तपासण्यांत ‘होमिनिस’च अधिक आढळली आहे. म्हणजे वासरापासून धोका आहेच, पण त्याला दोष देण्याआधी आपले उघडे गटार आणि आपले न धुतलेले हात पाहावे लागतात.

धडधाकट माणूस एकदोन आठवड्यांत बरा होतो. दोन वर्षांखालच्या बाळाचे तसे नसते. कोलकात्यासह आशिया आणि आफ्रिकेतील सात ठिकाणी झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळांच्या गंभीर जुलाबांच्या प्रमुख कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम होता. अशा बाळाला लगेच जलसंजीवनी पाजावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि दवाखान्यात न्यावे.

या कवचाला भारी पडते ती उष्णता. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच राहू द्यावे, मग झाकून निववावे. सगळ्या घरासाठी एवढे पाणी उकळायला गॅस लागतो, हे मला माहीत आहे. निदान बाळाचे आणि आजाऱ्याचे पाणी तरी उकळावे.

निजामशाहीच्या काळात आपल्या शहरात कापूरवाडी, शहापूर, भिंगार येथून पाणी येई. ते उघड्या पाटाने नव्हे, तर जमिनीखालच्या खापरी नळांतून येई. त्या नळांचे अवशेष आजही सापडतात. आता तुमच्या वस्तीतली विहीर किंवा हातपंप पाहून या. ओटा फुटला आहे का, सांडलेले पाणी कोठे मुरते, वासरू किती पावलांवर बांधले आहे, उकिरडा चढावर आहे की उतारावर, हे वहीत लिहा. उद्या वर्गात आपण त्या नोंदी फळ्यावर मांडू.