सॅम्पल नको, सराव बघा! बास्केटबॉलच्या स्काऊटकडून खरेदीचे धडे

खरेदीवरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, माल फोनवरून मागवता येतो, मग गाडीभाडं खर्चून सप्लायरकडे जायचं कशाला?" या प्रश्नाची मी स्वतः ₹२७,००० फी भरली आहे. ते सांगतोच, पण आधी थोडं बास्केटबॉल.

अमेरिकेतल्या एनबीए लीगचे संघ परदेशात माणसं पाठवतात. त्यांना म्हणतात स्काऊट. काम एकच, उद्याचा खेळाडू आज ओळखायचा. एनबीए आणि फिबा मिळून २००१ पासून 'बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स' हे शिबिर वेगवेगळ्या देशांत भरवतात. मुलं तिथे काही दिवस सराव करतात आणि स्काऊट कडेला बसून बघतात.

मसाई उजिरी हे नायजेरियात वाढलेले. सुरुवातीला ते ऑरलँडो मॅजिक संघासाठी बिनपगारी स्काऊट होते. पुढे ते टोरांटो रॅप्टर्सचे प्रमुख झाले. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, या संघाने २७ व्या क्रमांकावर पास्कल सियाकाम घेतला. कॅमेरूनचा हा मुलगा २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या त्याच शिबिरात होता. खेळायला उशिरा लागला होता, त्यामुळे हात कच्चा, पण धावणं थांबत नव्हतं. २०१९ मध्ये टोरांटो विजेता झाला, तेव्हा सियाकाम त्या संघातला मोठा आधार होता.

यातून आपण काय घ्यायचं?

१. सामना नाही, सराव बघा.
व्हिडिओत फक्त चांगले बास्केट दिसतात. चूक झाल्यावर पोरगा काय करतो, प्रशिक्षकाने ओरडल्यावर ऐकतो का, थकल्यावर पाय ओढतो का, हे शिबिरातच कळतं. आपल्याकडे सॅम्पल म्हणजे सामना आणि लॉट म्हणजे सराव.

माझं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. एका शाळेची ६० बास्केटबॉलची ऑर्डर मिळाली. सॅम्पल एकदम झकास होतं, म्हणून व्हॉट्सअॅपवरच ₹४५० दराने माल मागवला. तीन आठवड्यांत निम्म्या बॉलमधली हवा जायला लागली. शाळेला पैसे परत केले आणि सप्लायरने फोन उचलणं बंद केलं. ₹२७,००० गेले ते गेलेच, पण ती शाळा परत माझ्याकडे आली नाही. हा घाटा कुठल्या वहीत लिहिणार?

पुढच्या वेळी मी स्वतः जालंधरला गेलो. सॅम्पल बाजूला ठेवलं. गोदामातल्या ढिगातून माझ्या हाताने दहा बॉल काढले, हवा भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी दाबून बघितले. त्यानंतरच ऑर्डर दिली.

२. आजची चमक नाही, उद्याची वाढ बघा.
यानिस अँटेटोकुंपो ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. स्काऊट अथेन्सपर्यंत गेले आणि २०१३ मध्ये मिलवॉकी बक्सने त्याला १५ व्या क्रमांकावर घेतलं. २०१९ आणि २०२० मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२१ मध्ये संघ विजेता झाला. तुमचा छोटा सप्लायर किंवा दुकानातला नवा पोरगा निवडतानाही हेच बघा: शिकतोय का? चूक कबूल करतोय का?

३. वही ठेवा, घाई नको.
ज्या वर्षी ड्राफ्ट, त्या वर्षात खेळाडू किमान १९ वर्षांचा व्हावा लागतो. म्हणजे शिबिरात १६-१७ वर्षांचा मुलगा आवडला तरी लगेच घेता येत नाही. स्काऊट नोंद करतो, पुढच्या वर्षी परत बघतो. तुम्हीही पहिल्याच भेटीत ॲडव्हान्स देऊन येऊ नका.

४. प्रवासखर्च खरेदीत धरा.
माझ्या जालंधर फेरीला ₹९,००० लागले. वर्षाची खरेदी ₹३,००,०००. म्हणजे ३ टक्के. हे ३ टक्के किमतीत धरले की फेरी जड वाटत नाही. उलाढाल ₹५०,००० असेल तर मात्र हाच खर्च १८ टक्के होतो. तेव्हा लांब जाऊ नका, जवळच्या बाजारात जा किंवा दोघा-तिघा दुकानदारांनी मिळून एकाला पाठवा.

५. "नाही" म्हणून परत यायची तयारी ठेवा.
पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने घेतला. भारतात जन्मलेला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. म्हणजे एवढं बघूनही निवड फळेलच असं नाही. म्हणून पहिली ऑर्डर कायम छोटी. आणि माल पटला नाही तर "एवढं भाडं घालून आलोय" म्हणून उचलू नका. भाडं गेलं, भांडवल तरी वाचलं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बॉल परत करता येतो, पोरगं नाही. माणूस निवडला की त्याला घडवायची जबाबदारी आपली.

आजचा गृहपाठ: तुमच्या तीन मोठ्या सप्लायरची नावं लिहा. कोणाचं गोदाम तुम्ही स्वतः बघितलंय? ज्याच्यापुढे "नाही" येईल, त्याच्याकडे दिवाळीच्या ऑर्डरआधी एक फेरी मारा. भेटू पुढच्या धड्यात!