शाळेस कुलूप असता घरचा धडा



शाळेचे दार बंद झाले म्हणजे मुलाचे शिकणेही बंद झाले, असे पुष्कळ आईबापांस वाटते. आणि आपणांस लिहितावाचता येत नाही, तेव्हा आपल्या हातून काय होणार, असे म्हणून ते स्वस्थ बसतात. ह्या दोन्ही समजुतींपासून मुलांचे फार नुकसान होते. ते नुकसान कोणते हे सांगून अशा दिवसांत घरी काय करता येईल ते क्रमाने दाखवावे, हा ह्या धड्याचा हेतू आहे.

१. शाळा बंद राहिल्याने काय झाले

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. वरच्या इयत्तांचे वर्ग मधूनमधून उघडले व पुन्हा मिटले. परंतु खेड्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांकरिता शाळेचे दार १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तेही जानेवारी २०२२ मध्ये काही दिवस पुन्हा लागले. ह्याचा अर्थ असा की, जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले, ते वर्गात प्रथम बसले ते दुसरीत गेल्यावर. अक्षराशी ओळख व्हावयाचे जे वर्ष, तेच त्याचे हातचे गेले.

ह्याचा परिणाम मोजलेला आहे. ‘असर’ ह्या नावाची पाहणी करणारे लोक खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांस वाचावयास लावतात. देशातील ग्रामीण भागांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती, २०२२ साली ती शेकडा २०.५ वर आली. पुढे २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण जवळजवळ पूर्वीच्या ठिकाणी आले. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक ही की, गेलेले भरून काढता येते, म्हणून कोणी निराश होऊ नये. दुसरी ही की, शाळा नीट चालू असतानाही तिसरीतील चार मुलांपैकी जेमतेम एकालाच दुसरीचा धडा वाचता येत होता. म्हणून घराने हात द्यावयाचा तो केवळ साथीच्या दिवसांत नव्हे.

त्या काळी सरकारने व शिक्षकांनी पुष्कळ खटपट केली. फोनवरून रोजचा अभ्यास पाठविला जाई. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. परंतु ज्या घरी एकच फोन आणि तो बापाच्या खिशात रानात गेलेला, त्या घरच्या मुलाने अभ्यास पाहावा कोठे? जे साधन घरात नित्य असते त्याच्याच आधाराने घरचा धडा रचला पाहिजे.

आणि हे दिवस संपले असेही कोणी म्हणू नये. मे महिन्याची सुट्टी दरवर्षी येते. अतिवृष्टीने ओढे भरले म्हणजे वाट तुटते. बीडकडील ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, तेव्हा गावची शाळा उघडी असूनही त्यांच्या मुलांस ती बंदच असते.

२. शाळा मुलाकडे गेली

शाळा म्हणजे चार भिंती नव्हेत, हे आपल्या प्रांतात फार पूर्वीच दाखविले गेले आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यांतील बालकांकरिता काम आरंभिले व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून ह्या बायांनी बालवाडी पाड्यावर, त्यांच्याच अंगणात नेली. जी मुले गुरे राखीत, त्यांच्याकरिता कुरणात शाळा भरविली. तिचे नाव कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथील शिकण्याची साधने होती. जे अंगणात व कुरणात साधले, ते आपल्या ओसरीवर का साधू नये?

३. निरक्षर आईने वाचन कसे ऐकावे

मूल नेमके कोठे अडले आहे हे प्रथम पाहावे. त्याच्या पायऱ्या चार: सुटी अक्षरे ओळखणे, लहान शब्द वाचणे, सोपी चार वाक्ये वाचणे, आणि पानभर गोष्ट वाचणे. मूल ज्या पायरीवर अडखळते, तिच्या एक पायरी खालून आरंभ करावा. इयत्ता चौथी आहे म्हणून चौथीचेच पुस्तक त्याच्या हाती देण्याचा हट्ट धरू नये. पहिलीचे पुस्तक सहज वाचता आल्याने जो धीर येतो, तोच त्यास पुढे नेतो.

आता कोणी आई म्हणेल, “तो वाचतो खरा की पाठ म्हणतो, हे मला कसे कळावे?” ह्याच्या तीन युक्त्या आहेत व त्यांस अक्षरज्ञान लागत नाही. पहिली: मुलाने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचावे, तोंड पुढे व बोट मागे राहिले तर ते पाठ आहे असे समजावे. दुसरी: काल वाचलेल्या पानाची शेवटची ओळ आज आधी वाचावयास सांगावी, पाठ म्हणणारे मूल मधून आरंभ करू शकत नाही. तिसरी: एका शब्दावर आपले बोट ठेवून, “हा शब्द ह्या पानावर आणखी कोठे आहे तो दाखीव,” असे म्हणावे, दोन्ही ठिकाणची आकृती सारखी आहे की नाही हे आईचे डोळे सांगतील.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि मुलाने ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत आईला सांगावी. हा भाग गाळू नये. पुस्तक पुन्हा पुन्हा चाळण्यापेक्षा वाचलेले आठवून सांगितल्याने ते अधिक टिकते. आईने मध्येच विचारावे, “मग त्याने असे का केले?” ज्या आईला गोष्ट खरोखरच ठाऊक नसते, तिला सांगताना मुलास जो उत्साह येतो, तो सर्व ठाऊक असलेल्या गुरुजींपुढे येत नाही. अशा वेळी आईचे अज्ञान हेही एक साधन होते.

४. हिशेब

मराठीतील आकड्यांच्या नावांत लहान मुलांकरिता एक अडचण आहे, ती पुष्कळ वडील माणसांच्या ध्यानात येत नाही. आपण ‘पंचवीस’ म्हणतो, तेव्हा आधी पाच व मग वीस उच्चारतो. परंतु लिहिताना आधी २ व मग ५ लिहितो. म्हणून मूल कानाने ऐकल्याप्रमाणे ५२ लिहिते, आणि आपण त्यास मठ्ठ म्हणतो. तसेच ‘एकोणचाळीस’ हा शब्द चाळिसाच्या नावाने आहे, तरी त्यात दशक मात्र तीनच.

ह्यावर उपाय काड्यांचा. ज्वारीच्या ताटाच्या किंवा खराट्याच्या काड्या घेऊन दहादहांच्या जुड्या बांधाव्या. जुड्या डाव्या हातास व सुट्या काड्या उजव्या हातास ठेवाव्या. पंचवीस म्हणजे २ जुड्या व ५ काड्या, हे डोळ्यांनी दिसले म्हणजे लिहिताना चूक होत नाही. चार जुड्या ठेवून त्यांतील एक काडी काढून घेतली की एकोणचाळीस म्हणजे काय ते समजते.

हातच्याची वजाबाकीही अशीच शिकवावी. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. ५ जुड्या व २ काड्या मांडल्या. दोहोंतून सात जात नाहीत. म्हणून एक जुडी सोडली, १२ सुट्या झाल्या, त्यांतून ७ काढल्या, ५ उरल्या. जुड्या ४ राहिल्या, त्यांतून २ काढल्या, २ उरल्या. उत्तर २५. ‘हातचा घेतला’ म्हणजे जुडी सोडली, हे ज्या मुलाने स्वतःच्या बोटांनी केले, ते हा हिशेब सहसा विसरत नाही.

मोठ्या मुलांस घरचाच व्यवहार द्यावा. समजा, साडेचार लिटर दूध डेअरीत घातले व लिटरला ३० रुपये भाव मिळाला. चार लिटरांचे १२०, अर्ध्या लिटराचे १५, मिळून १३५. चिठ्ठीवर तेच आहे काय, हे मुलाने पाहावे. रेशनचे धान्य, विजेचे बिल, एसटीचे तिकीट, बाजारची पिशवी, ही सर्व गणिताची पुस्तकेच आहेत. मुलाच्या हिशेबाने घरचे दोन रुपये वाचले, तर त्याचे नाव घेऊन सर्वांपुढे तसे सांगावे.

५. लिहिणे

वही संपली तर अंगणातील मातीवर बोटाने किंवा फरशीवर कोळशाने लिहावे. रोज दोन ओळींची नोंद ठेवण्याची सवय मात्र वहीतच असावी: आज पाऊस पडला की नाही, कोंबडीने अंडी किती दिली, पेरलेला हरभरा किती बोटे वर आला. आजीच्या ओव्या, उखाणे व कोडी मुलांनी ऐकून उतरून घ्यावी. असे केल्याने लिहिण्याचा सराव होतो, आणि आजीचे धनही राहते.

६. वेळ व वागणूक

दिवसाकाठी एक ठरलेली वेळ असावी. लहानांस अर्धा तास व मोठ्यांस एक तास पुरे. आठवड्यातून एकदा चार तास बसविण्यापेक्षा रोजचा थोडा वेळ बरा. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे. त्यात दोघांचाही अभ्यास होतो. चूक झाली असता मारू नये व शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण देऊन टोचू नये. भ्यालेले मूल आपली चूक लपविण्यास तेवढे शिकते.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. शाळा बंद झाली म्हणजे मुलीच्या डोक्यावर हंडा व कडेवर धाकटे भावंड येते, आणि मुलाच्या हाती मात्र पुस्तक राहते. पुढे शाळा उघडते तेव्हा, “आता ती मागे पडली, तिला धाडून काय करावयाचे?” असे घरचेच लोक म्हणतात, आणि तेथून तिच्या लग्नाची बोलणी फार दूर नसतात. ती मागे पडली नाही, तिला मागे ठेविले. अभ्यासाच्या वेळी हंडा भावाने उचलावा किंवा बापाने. परंतु तो तास मुलीचाच असावा.

७. गावातील वाचत्या लोकांचे काम

ज्या घरी कोणीच वाचता नाही, तेथे शेजाऱ्याने गेले पाहिजे. उपदेशकांनी व मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी सायंकाळी मंदिराची पडवी उघडावी, दिवा लावावा आणि गल्लीतील पाचसहा मुले, ती कोणत्याही घरची असोत, गोळा करून वाचावयास बसवावी. दहावी झालेली मुलगी हे काम उत्तम करील. गुरुजींस भेटून जुनी पुस्तके मागून घ्यावी; आणि शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी प्रत्येक मूल दारात हजर आहे की नाही, हे नावानिशी पाहावे. जे आले नसेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जावे. कारण पहिल्या आठवड्यात जे मूल परतत नाही, त्यास पुढे परत आणणे कठीण जाते.

बी पेरल्यावर पाऊस लांबला तर शेतकरी शेत सोडून देत नाही. घागरीने का होईना, पाणी घालून रोप जगवितो. पाऊस आला म्हणजे ते वाढेल, परंतु तोवर ते जिवंत पाहिजे. घरचा धडा शाळेची जागा घेत नाही. शाळा उघडेपर्यंत तो रोप जिवंत ठेवितो.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. आपल्या घरचे मूल वाचनाच्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे? आज रात्री पाहून ठेवा.
२. मूल वाचते की पाठ म्हणते, हे ओळखण्याच्या तीन युक्त्या कोणत्या?
३. काड्यांच्या जुड्या घेऊन ६३ मधून २८ वजा करून दाखवा.
४. आपल्या गल्लीतील कोणत्या मुलीस अभ्यासाचा तास मिळत नाही? त्याकरिता कोणाशी बोलावे लागेल?