द्रव्य तेंच, मांडणी निराळी
पाणी-संस्थेच्या कारभाराविषयीं एक पाठ

शिसपेन्सिलीच्या कांडींतील ग्राफाइट आणि जवाहिऱ्याच्या पेटींतील हिरा हे दोन्ही पदार्थ एकाच कर्बाचे आहेत. एक नुसत्या स्पर्शानें बोटास लागतो, दुसरा कांच कापतो. द्रव्य एक असून गुण निराळे, याचें कारण परमाणूंची मांडणी. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनीं १९९१ सालीं कर्बाच्या ज्या अतिसूक्ष्म नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. एका परमाणूच्या जाडीचा कर्बाचा पत्रा कोणत्या कोनांत गुंडाळला आहे, यावर ती नळी धातूप्रमाणें वीज वाहील कीं अर्धवाहक होईल हें ठरतें. अशी नळी हातांत घेऊन वांकवून पाहतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक परमाणु आपल्या शेजाऱ्यास किती ओढतो याचा हिशेब संगणकावर मांडतात, आणि नळी ताणली किंवा तापविली असतां काय होईल हें आधींच अजमावतात.

आमच्या वाचकांस यांतून घेण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली, संस्थेचें बळ केवळ माणसांत नसून त्यांच्या मांडणींत, म्हणजे कारभाराच्या नियमांत असतें. दुसरी, त्या नियमांचा परिणाम संकट येण्यापूर्वीं हिशेबानें अजमावतां येतो. पाणी-संस्थेच्या बाबतींत हें कसें करावें, तें येथें पाहूं.

फडाची मांडणी

उदाहरण दूर शोधावयास नको. गिरणा, आरम, मोसम आणि पलीकडे धुळ्याकडील पांझरा या नद्यांवर बंधारे घालून पाटानें पाणी घेण्याची फडपद्धत कळवण-बागलाणच्या या टापूंत शतकानुशतकें चालत आली. वरच्या बाजूचीं धरणें, विहिरी आणि नगदी पिकें यांमुळें ती पुष्कळ ठिकाणीं मोडली. तथापि तिचे नियम आजही अभ्यासण्याजोगे आहेत. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडीत. एका फडांत एका वर्षीं एकच पीक, आणि दरसाल फेरपालट. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडांत असे. त्यामुळें एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर ती झळ एकट्यादुकट्यास न बसतां सर्वांस बसे. शेतकरी आपल्या हातानें पाणी घेत नसे. तें काम पाटकऱ्याचें. त्याचा मोबदला पूर्वीं धान्याच्या रूपानें मिळे, म्हणून सर्वांचें पीक येण्यांत त्याचेंही हित असे. पाणी कमी दिसलें, कीं किती क्षेत्र भिजवावयाचें हें पंच पेरणीपूर्वींच ठरवीत.

कागदावरील परीक्षा

या शेवटच्या नियमाची किंमत हिशेबानें पाहूं. एका चारीवर दहा शेतकरी आहेत. प्रत्येकाची जमीन ४ एकर, एकूण ४० एकर गहूं. गव्हास ५ पाण्याच्या पाळ्या द्यावयाच्या आहेत. एक एकर एकदां भिजविण्यास लागणारें पाणी म्हणजे एक माप धरल्यास २०० मापें लागतील. यंदा पाणी १५० मापेंच आहे.

पहिला नियम असा : ज्याचें शेत वर, त्यानें आधीं घ्यावें. वरच्या सात जणांस १४० मापें लागतात. उरलेल्या १० मापांत आठव्याचा २ एकर गहूं निघतो. नववा व दहावा यांच्या शेतांत पाणी येतच नाहीं. पीक ३० एकर.

दुसरा नियम फडाच्या पंचांचा : पेरणीपूर्वींच ठरवावें, कीं यंदा प्रत्येकानें ३ एकरच गहूं करावा. ३० एकरांस पांच पाळ्या, म्हणजे बरोबर १५० मापें. पीक ३० एकरच.

एकंदर गहूं दोहोंकडे सारखाच निघाला. मग फरक कोठें पडला? पहिल्या नियमांत १० एकरांचें बीं, खत व मेहनत मातींत गेली. दुसऱ्यांत तीच जमीन ओलीवर हरभऱ्यास मोकळी राहिली. परंतु याहून मोठा फरक दुसऱ्या वर्षीं दिसतो.

पाटांतील गाळ काढण्यास ६० माणूस-दिवस लागतात असें धरा; दहा जणांनीं प्रत्येकी सहा दिवस यावयाचें. ज्यांस पाणी मिळालें नाहीं ते दोघे कां येतील? आठ जण सहा दिवस खपतात, म्हणजे ४८ दिवसांचें काम होतें. पांचवा हिस्सा गाळ तसाच राहतो. त्यामुळें दहावा भाग पाणी जरी वायां गेलें, तरी पोंचणारें पाणी १३५ मापें. सहा जणांस १२० मापें गेलीं. सातव्यास १५ मापें, म्हणजे त्याचा एक एकर वाळला. आणि आठवा सर्वस्वीं कोरडा राहिला. तिसऱ्या वर्षीं गाळास तोही येणार नाहीं. अशा रीतीनें संस्था शेवटाकडून एक एक पायरी खचत जाते, आणि वरच्यास तें कळतें तेव्हां कोरड त्याच्या बांधापर्यंत आलेली असते.

वरच्यास खालच्याची गरज

हें केवळ कागदी गणित नव्हे. अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक २००९ सालीं ज्यांस मिळालें, त्या अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम व त्यांचे सहकारी यांनीं नेपाळांतील अनेक पाटांचा अभ्यास केला. शेतकऱ्यांनीं दगडमातीचे कच्चे बंधारे घालून चालविलेल्या पाटांत शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोंचण्याचें प्रमाण, सरकारी खात्यानें पक्कें बांधकाम करून चालविलेल्या पाटांहून, सामान्यतः चांगलें आढळलें. कच्चा बंधारा दरसाल दुरुस्त करावा लागतो. त्यासाठीं वरच्या शेतकऱ्यास खालच्याचे हात हवे असतात, म्हणून तो त्याचें पाणी राखतो. बांधकाम पक्कें झालें, कीं ती गरज संपते, आणि तिच्याबरोबर मुर्वतही संपते. म्हणून सिमेंट वापरूं नये, असा याचा अर्थ नव्हे. जी गरज सिमेंटानें काढून टाकली, ती नियमानें पुन्हां उभी केली पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

आमच्याच जिल्ह्यांत वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाशीं असलेल्या ओझर येथें १९९० च्या सुमारास हा धडा गिरविला गेला. पाणी शेवटापर्यंत पुरेसें येत नसे. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकारानें तेथें पाणी-वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनीं मोजून पाणी घेण्याचा करार केला. आणि पुढें वाघाडच्या सबंध लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानेंही संस्थेच्या संचालक मंडळांत वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांस सारखें प्रतिनिधित्व दिलें आहे.

काय करावें

आमच्या वाचकांपैकीं जे अशा संस्थांचे सभासद असतील, त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या.

१. पाणी किती आहे तें पेरणीपूर्वीं मोजावें, सर्वांसमक्ष फळ्यावर लिहावें, आणि त्यावरून प्रत्येकाचें क्षेत्र ठरवावें.

२. पाटकऱ्याचा मोबदला शेवटचें शेत भिजल्यावरच पुरा द्यावा.

३. दंड पहिल्या चुकीस लहान व पुढें चढता असावा. तंटा तुंबूं देऊं नये. स्पेनांतील व्हॅलेन्सिया शहरीं शेतकऱ्यांचेंच निवडलेलें पाणी-न्यायमंडळ दर गुरुवारीं चर्चच्या दाराशीं बसून तोंडी निवाडा करतें, आणि ही चाल शेंकडों वर्षें टिकली आहे.

४. नवा नियम करण्यापूर्वीं तो वरीलप्रमाणें कागदावर तीन वर्षें चालवून पाहावा, आणि तीं तीन वर्षें तुटीचीं धरावीं. भरल्या पाटावर कोणताही नियम चांगलाच दिसतो.

हा हिशेब करण्यास संगणक नको; वहीचें एक पान व घटकाभर वेळ पुरे. तो करतांना मात्र प्रत्येक सभासदानें आपलें शेत चारीच्या शेवटीं आहे असें समजून बसावें. त्या जागेवरून जो नियम न्याय्य दिसेल, तोच संस्थेस टिकवील, असें आमचें मत आहे.