पडदा उजळण्यापूर्वी

जुन्या संगणकाच्या काचेच्या पडद्यावरील चित्र स्थिर भासते. वस्तुतः ते क्षणोक्षणी नव्याने रेखाटले जात असते. नलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक आडवी रेषा ओढीत खाली उतरतो आणि तळ गाठताच पुन्हा वर येतो. या झोताला ताल देण्याचे काम मोटोरोला ६८४५ हा नियंत्रक करी. आयबीएमच्या १९८१ मधील एकरंगी कार्डात व १९८२ मधील हर्क्युलीस कार्डात तोच होता. लखनौनजीक कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत देवनागरी संगणकाच्या पडद्यावर आणली गेली, ती याच पिढीच्या यंत्रांच्या काळात.

या नियंत्रकात १८ रजिस्टरे असतात. शून्यापासून नवव्यापर्यंतची दहा रजिस्टरे चित्राचे माप व वेळ ठरवितात. वीज सुरू होताच ती आपोआप भरली जात नाहीत. आज्ञावलीनेच ती भरावी लागतात.

लखनौच्या एखाद्या शाळेत हर्क्युलीस कार्डाचा संगणक जपून ठेवला आहे, अशी कल्पना करावी. त्यावरील चित्रे काढणारी आज्ञावली कधी नीट चालते, तर कधी पडदा नुसता गरगरतो. दोष यंत्राचा की आज्ञावलीचा?

गणित करून पाहावे. चित्रांच्या मांडणीत ९२ ओळी, प्रत्येक ओळीत ४ रेषा आणि वर २ रेषा, म्हणजे एकूण ३७० रेषा होतात. ओळीतील रेषांची संख्या नववे रजिस्टर सांगते. आज्ञावलीने तेच भरले नाही, तर अक्षरांच्या मांडणीतील १४ हा आकडा तसाच राहतो आणि एकूण रेषा १२९० होतात. सेकंदाला सुमारे ५० वेळा उमटणारे चित्र आता जेमतेम १४ वेळा उमटते. पडद्याला हा ताल पकडता येत नाही. आधीच्या आज्ञावलीने योग्य आकडा मागे ठेवला असेल, तर मात्र सारे सुरळीत दिसते. ही दहा रजिस्टरे वाचता येत नसल्याने चूक सहज सापडतही नाही.

उपाय सरळ आहे. प्रथम चित्र बंद करावे, दहाही रजिस्टरे क्रमाने भरावी, चित्रस्मृती पुसावी, शेवटी चित्र सुरू करावे. आकडे अंदाजाने घालू नयेत. आडव्या रेषांची वेळ चुकल्यास काही जुन्या पडद्यांतील उच्च दाबाच्या मंडलास इजा पोहोचू शकते.

जे आपण स्वतः लिहिले नाही, ते योग्यच असेल असे गृहीत धरू नये, हा या दोषाचा धडा होय.